पर्ल हार्बरचा हल्ला रूझवेल्टना आधीच ठाऊक होता का?

प्रश्न (भुसावळ):
जपानने हवाई बेटांवरच्या पर्ल हार्बर या अमेरिकी नौदल तळावर केलेल्या हल्ल्यावरून आमच्या अभ्यासिकेत दोन दिवस वाद चाललाय. मित्र म्हणतो, अमेरिकेने जपानचे गुप्त संदेश फोडले होते. 7 डिसेंबर 1941 ला बंदरात एकही विमानवाहू जहाज नव्हतं. म्हणजे अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांना सगळं माहीत होतं, युद्धात उतरायला निमित्त हवं होतं. मला पटत नाही, पण खोडूनही काढता येत नाही.

उत्तर (धुळे):
मित्राच्या म्हणण्यात तथ्य आहे. 24 सप्टेंबरला टोकियोने हवाईतल्या होनोलुलूच्या आपल्या वकिलातीला कळवलं, बंदराचे पाच भाग पाडा आणि कुठे कोणती जहाजं ते सांगा. ऑक्टोबरात वॉशिंग्टनने हे वाचलं, पण तिथल्या आरमाराचे प्रमुख ॲडमिरल किमेलना दिलं नाही. याला काय म्हणायचं?

उत्तर (रावेर):
हलगर्जी म्हणायचं, दादा. वायुदलात रडारवर माझी सगळी नोकरी झाली, आता केळी लावतो. एंटरप्राइज हे विमानवाहू जहाज 6 तारखेलाच बंदरात यायचं होतं, खराब हवेमुळे रखडलं. असा कुठे डाव असतो?

त्याच बेटावरच्या ओपाना रडारचं बघा. हल्ल्याच्या सकाळी सातला यंत्र बंद करायचं होतं. नाश्त्याला न्यायचा ट्रक आला नाही, म्हणून दोघा पोरांनी चालू ठेवलं. 7:02 ला उत्तरेला सुमारे 130 मैलांवर एवढी मोठी उसळी दिसली, की यंत्रच बिघडलं असं वाटलं. फोन केला. कॅलिफोर्नियाहून अमेरिकेचीच बी-17 बॉम्बफेकी विमानं येणार होती, लेफ्टनंटला ती वाटली. काळजी नको, म्हणाला. मी स्वतः एका पहाटे पक्ष्यांचा थवा म्हणून सोडून दिलं, ते आपलंच वाट चुकलेलं विमान निघालं. सुखरूप उतरलं, पण मला आठवडाभर झोप नव्हती.

प्रश्नकर्ता:
काका, ट्रकचं माहीत नव्हतं. पण तो पाच भागांचा संदेश?

उत्तर (रावेर):
मनिला, पनामाबद्दलही जपानी हेर कळवत होते, त्या ढिगात तो गेला. वादळाचा इशारा मोबाइलवर रोज येतो. माझी बाग आडवी झाली, घड मातीत गेले, त्या दिवशीचा इशारा आदल्या दिवसासारखाच होता. तरी बंदराचे असे भाग फक्त इथेच पाडायला सांगितले होते, हे कुणाला तरी खटकायला हवं होतं. 2,403 माणसं गेली. किमेलना दहा-अकरा दिवसांत काढलं, आणि तो कागद त्यांना कुणी दाखवलाही नव्हता.