मदत हवी आहे: पिलिन बदलतोय की पिलीच गळतायत?

मंडळी, ऐरोलीतल्या लॅबमध्ये नायसेरिया गोनोऱ्ही (परम्याचा जिवाणू, म्हणजेच गोनोकोकस) याचा एफए १०९० स्ट्रेन वापरात आहे. पिली म्हणजे त्याच्या पृष्ठभागावरचे केसासारखे तंतू, पिलिन या प्रथिनाचे बनलेले. एकाच वसाहतीच्या शुद्ध पिलीविरुद्ध सशात केलेला सिरम (प्रतिपिंडं असलेला रक्तद्रव) आहे. सुरुवातीला एलायझाचा (प्रतिपिंडं किती चिकटतात ते मोजणारी चाचणी) सिग्नल दणदणीत, रोज एक याप्रमाणे ८ पॅसेजनंतर (ताज्या प्लेटवर पुन्हा वाढवल्यावर) निम्म्यावर.

माध्यम जीसी अगर, केलॉग सप्लिमेंटसह. ३७ अंश, ५ टक्के कार्बन डायऑक्साइड, २० तास. स्टिरिओमायक्रोस्कोपखाली वसाहती अजून लहान, घुमटासारख्या, कडा रेखीव. पिली गेल्या असत्या तर त्या पसरट आणि मोठ्या दिसल्या असत्या. त्यामुळे संशय पिलिन बनवणाऱ्या पिल-ई जनुकावर: १९ मूक (स्वतः प्रथिन न बनवणाऱ्या) पिल-एस प्रतींपैकी एखादीचा तुकडा रेक-ए प्रथिनाच्या मदतीने त्यात उतरतो. सशाची प्रतिपिंडं मुख्यतः पिलिनच्या बदलत्या वेटोळ्यालाच धरतात, एन-टोकाचा (प्रथिनाच्या सुरुवातीचा) स्थिर भाग पिलीच्या गाभ्यात दडलेला. संपूर्ण प्लेटच्या डीएनएचं सँगर सिक्वेन्सिंग (क्रमवाचन) करून पिल-ई वाचलं तर पुढचा भाग स्वच्छ, मागच्या अर्ध्यात शिखरावर शिखर, म्हणजे वेगवेगळे क्रम मिसळलेले.

आता अडलंय ते इथे. सुट्या वसाहती घेऊन पिल-ई वाचायचं, तर किती घेतल्या म्हणजे बदलाचा दर भरवशाने सांगता येईल? आणि रेक-ए आयपीटीजी या रसायनावर चालू-बंद करता येणारा स्ट्रेन ठाणे किंवा नवी मुंबईत कुणाकडे आहे का? कंट्रोल म्हणून तो फार मोलाचा ठरेल. रीतसर कागदपत्रं करून, मंजूर बायोसेफ्टी पॅकिंगमध्येच नेऊ. फक्त प्लेट बर्फात ठेवू नका; गोनोकोकस थंडीत आणि कोरडेपणात पटकन मरतो.