नायटल लावल्यावर ओरखडे पुन्हा का दिसतात?

प्रश्न: रचना सूक्ष्मदर्शकाखाली पाहायची आहे, नमुना ०.२ टक्के कार्बनच्या पोलादाचा. ६०० नंबरच्या सँडपेपरनंतर डायमंड पेस्टवर नमुना आरशासारखा झाला. २ टक्के नायटल (रचना उठून दिसावी म्हणून लावायचं इथेनॉल आणि नायट्रिक ॲसिडचं मिश्रण) १० सेकंद लावताच समांतर ओरखडे उमटले आणि पर्लाइट (पोलादातला पातळ पट्ट्यापट्ट्यांचा भाग) नुसता काळा दिसतोय. कुठे चुकतंय?

प्रतिसाद १: ओरखडे गेलेच नव्हते. पॉलिश करताना वरचा धातू त्यांच्यावर सारला गेला, ॲसिडने तो थर खाल्ला. २४०, ४००, ६००, १२०० असं जा, दर पेपरला नमुना ९० अंशांत फिरवा. आधीच्या रेघा दिसेनाशा झाल्या तरी तितकाच वेळ आणखी घासा, कारण रेघेखालचा दबलेला थर उरतोच. पेपर बदलताना नमुन्यासोबत हातही धुवा. एक भरड कण ३ मायक्रॉन डायमंड पेस्टच्या कापडाची वाट लावतो.

प्रतिसाद २: १०० पटीवर पर्लाइट काळाच दिसणार, पट्ट्या पाहायला ५०० पट तरी हवेत. शिवाय १० सेकंद जास्त झाले असावेत. चमक मावळून पृष्ठभाग धुरकट झाला की लगेच पाणी, मग अल्कोहोल, मग गरम हवा. थेंब तसाच सुकला तर डाग पडतो, आणि तो डाग रचनेचाच भाग वाटू शकतो.

प्रतिसाद ३: नायटल बनवताना ९८ मिली इथेनॉलमध्ये २ मिली नायट्रिक ॲसिड हळूहळू सोडा, उलट कधीच नाही. घट्ट झाकणाच्या बाटलीत साठवू नका, आत वायूचा दाब वाढतो.