मदत हवी आहे: 33 व्या वर्षी लॉन बोल्स, आणि डुगडुगणारा गोळा

नमस्कार मंडळी. विषय आडवळणाचा आहे: लॉन बोल्स, म्हणजे हिरवळीवर गोळे घरंगळवत जॅक नावाच्या लहान गोळ्याच्या जवळात जवळ न्यायचा खेळ. पण इथे कोण ना कोण जाणकार निघतोच म्हणून विचारते.

मी डिचोली तालुक्यातली. शाळेत पी.टी. शिकवते, कंत्राटावर. पूर्वी कबड्डी खेळायचे, चढाईला जायचे. 4 वर्षांपूर्वी डाव्या गुडघ्याचं लिगामेंट गेलं, ऑपरेशन झालं, आणि डॉक्टरांनी कबड्डी बंद म्हणून सांगितलं. तेव्हापासून पोरांच्या सामन्यात शिट्टी फुंकणं एवढाच माझा खेळ.

2022 मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत आपल्या चौघींनी दक्षिण आफ्रिकेला 17-10 हरवून सुवर्ण घेतलं, ते आठवत असेल. तोवर मला हा खेळ म्हणजे साहेबलोकांचा संध्याकाळचा टाइमपास वाटायचा. मग त्यांच्याबद्दल वाचलं. लव्हली चौबे आधी धावायची, नयनमोनी सैकिया वेटलिफ्टिंग करायची, रूपाराणी तिर्की कबड्डी खेळायची. कबड्डी वाचलं आणि मी सरळ होऊन बसले.

गेल्या चवथीला माझा मामेभाऊ इंग्लंडमधल्या स्विंडनहून आला, तो 4 जुने गोळे घेऊन. त्याच्या शेजारच्या आजोबांनी खेळ सोडला, त्यांचे. चारांचं वजन 6 किलो, त्यामुळे बॅगेत चॉकलेटं कमी मावली, ह्यावरून घरात अजून कुरकुर आहे.

तर अडचण. घरच्या खळ्यात टाकला तर गोळा जवळपास सरळच जातो, वळतच नाही. देवळाच्या सभामंडपात चटई अंथरून पाहिलं, तिथे वळतो, पण हातातून सुटतानाच डुगडुगतो आणि कुठेही भरकटतो. परवा थेट खांबाला जाऊन लागला. भटजी म्हणाले, "हें कितें गो बाय?" काय सांगणार!

गोव्यात सरावाला जागा मला अजून सापडलेली नाही. एका कार्यालयात चौकशी केली तर साहेबांनी विचारलं, "ते पिना पाडायचं ना? मॉलमध्ये असतं की."

डुगडुगणं कसं थांबवायचं? आणि खरं सांगा, ह्यात करिअर असतं का? कंत्राट सोडून वर्षभर हेच करावं असं डोक्यात आहे. 2030 ला राष्ट्रकुल स्पर्धा अहमदाबादला आहे, तेव्हा मी 37 ची असेन.

चिंचगोटी: आमच्या लहानपणीच्या गोट्यांचाच थोरला भाऊ दिसतोय हा! वाचतोय.

अ‍ॅडलेडकर: ताई, मी इथे दर शनिवारी क्लबात खेळतो, हौशी. तुमचा गोळा डुगडुगतो कारण तो तुमच्या हाताला मोठा आहे, ह्यावर मी पैज लावायला तयार आहे. दोन्ही हातांचे अंगठे एकमेकांना आणि मधली बोटं एकमेकांना भिडवून गोळ्याला मधोमध कडं घाला. बोटं टेकली नाहीत तर माप चुकलं. गोळ्यावर नंबर कोरलेला असतो तो बघा. स्विंडनच्या आजोबांचे पंजे काय असतील!

दुसरं, दोन्ही बाजूंना चिन्हं असतात, एक लहान, एक मोठं. लहान चिन्ह ज्या बाजूला, त्या बाजूला गोळा वळणार. आत शिसं-बिसं काही नसतं, घडणच एका बाजूला कललेली असते. आणि वळतो तो मुख्यतः वेग मरताना. खळ्यात खरखरीत जमीन त्याला आधीच थांबवते, मग वळणार कधी? आमच्या हिरवळीवर 27 मीटर जायला गोळा 14-15 सेकंद घेतो, इंग्लंडच्या ओलसर गवतावर 10-12. उलटं वाटेल, पण जास्त सेकंद म्हणजे जमीन वेगवान, हलक्या हाताने सोडलेला गोळाही सावकाश तिथवर पोचतो. जितकी संथ जमीन तितका जोर जास्त आणि वळण कमी. परदेशी गेलेल्या खेळाडूचे पहिले दिवस हा हिशेब हातात बसवण्यातच जातात.

जागेचं म्हणाल तर शाळेच्या हॉलमध्ये पातळ कार्पेटची 40-45 फुटी पट्टी टाका. त्यावर रेषा आणि पवित्रा पक्का होतो. लांबी मात्र शिकता येणार नाही, कारण खऱ्या खेळात जॅक निदान 23 मीटर लांब जावा लागतो. डावा पाय पुढे टाकून वाकायचं असेल तर आधी फिजिओला दाखवा.

रांचीवाली_वहिनी: सासर रांचीला, म्हणून लिहिते. इथे नामकुमला 2011 च्या राष्ट्रीय स्पर्धेच्या वेळचं लॉन बोल्सचं स्टेडियम आहे. मे महिन्याच्या सुट्टीत येऊन आधी खरी हिरवळ पायाखाली घे.

आता करिअर. कंत्राट सोडू नकोस! त्या चौघींकडेच बघ ना. चौबे झारखंड पोलिसात, तिर्की जिल्हा क्रीडा अधिकारी, आणि पिंकी सिंग दिल्लीच्या शाळेत पी.टी. शिकवणारी, तुझ्याच पेशातली. पगार नोकरीतून, खेळ रजेतून. हा खेळ ऑलिंपिकमध्ये नाही, म्हणजे पैशाचा मोठा नळ बंदच. आपण 2010 ला दिल्लीत पहिल्यांदा उतरलो आणि पहिलं पदक 2022 ला. 12 वर्षं ह्या बायकांनी नोकऱ्या सांभाळत काढली. वयाची काळजी करू नकोस, चौघीही तिशी-चाळिशीतल्याच होत्या.

तुझ्या साहेबांना पिनाच पाडू देत. बोलिंग फेडरेशन ऑफ इंडियाला सरळ पत्र लिही आणि गोव्यातर्फे राष्ट्रीय स्पर्धेला नाव कोण पाठवतं ते विचार. चौघींच्या संघात लीडची जागा माग, ती उभं राहून गोळा टाकायची चटई अंथरते, जॅक सोडते आणि आपले 2 गोळे आधी टाकते. नव्या माणसाला तिथेच शिकायला मिळतं.

धागाकर्ती: अ‍ॅडलेडकर, पैज जिंकलात. बोटांत अंगठाभर अंतर राहतंय, आणि गोळ्यावर 5 कोरलंय. दुकानदार म्हणतो माझ्या हाताला 1 नंबर लागेल. लहान चिन्हाचं तर मला ठाऊकच नव्हतं, मी निम्मे गोळे उलटे टाकत होते.

वहिनी, पिंकी सिंगचं वाचून राजीनाम्याचा कागद फाडला. मे महिन्याची तिकिटं बघते. मामेभाऊ नाताळात येतोय, 1 नंबरचा सेट मिळाला तर आण म्हणून सांगितलंय. आईला अजून सांगितलेलं नाही.