मदत हवी आहे: सागरी रस्त्याने गणपतीपुळे, मधल्या गावांत मुक्कामाची सोय?

नमस्कार मंडळी, डिसेंबरात मी आणि बायको पुण्याहून ताम्हिणीतून उतरून दिवेआगर, हरिहरेश्वर, मग बागमांडल्याला गाडी फेरीबोटीत चढवून वेसवी, तिथून केळशी, आंजर्ले, दाभोळ-धोपावे फेरी, गुहागर, हेदवी, तवसाळ-जयगड फेरी असं रमतगमत गणपतीपुळ्यापर्यंत जायचं म्हणतोय. हायवेला लागायचंच नाही असं ठरलंय.

दिवेआगर आणि गणपतीपुळ्याला हॉटेलं भरपूर आहेत, तिथली काळजी नाही. अडतंय ते केळशी-आंजर्ले आणि हेदवी-वेळणेश्वर पट्ट्यात, ॲपवर बघावं तर दहा-बारा जणांचे बंगले नाहीतर स्विमिंग पूलवाले रिसॉर्ट, आता कोकणात समुद्र सोडून पूलमध्ये कोण डुंबतं कळत नाही. आम्हाला साधी घरगुती खोली पुरे, बाथरूम स्वच्छ आणि शक्यतो अटॅच्ड, गाडी अंगणात लागावी आणि रात्री गरम जेवण मिळावं. बायको शाकाहारी आणि मी मासे सोडणार नाही, तर एकाच घरात दोन्ही जमेल असं कुणी माहितीये का?

वेळासला कासवांच्या सीझनला, म्हणजे मार्चच्या आसपास, घरोघरी सोय होते, पण डिसेंबरात ती मंडळी पाहुणे घेतात का?

आणि दाभोळची शेवटची फेरी चुकली तर तिथंच ऐनवेळी खोली मिळेल ना, नाहीतर खेड-चिपळूणवरून वळसा, तोही अंधारात, नकोच. नाताळच्या आधीच परततोय. स्वतः राहिलेल्यांनीच सांगा प्लीज, अंदाजे दरासकट.