निवृत्त वैमानिक आपणहून परत कामावर येतात, त्याला मराठीत नेमकं काय म्हणायचं?

शब्दवेडी, दादर
नमस्कार मंडळी, तीन दिवस एका अनुवादात अडकलेय. लेख अमेरिकेच्या हवाई दलावर आहे. २०१७ मध्ये त्यांच्याकडे वैमानिक फार कमी पडले म्हणून निवृत्त झालेल्यांना विचारलं की ज्याची इच्छा असेल त्याने परत यावं, सक्ती कुणावर नाही. अशा परत घेतलेल्या अधिकाऱ्यांवर कायद्याने २५ ची मर्यादा होती, ती त्या वर्षीच्या ऑक्टोबरात राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने उठली आणि १००० पर्यंत माणसं घ्यायची वाट मोकळी झाली. योजनेच्या नावातच चार गोष्टी एकात एक गुंतल्यात, स्वेच्छा, निवृत्त, परत येणं आणि 'अॅक्टिव्ह ड्यूटी', म्हणजे पूर्णवेळ लष्करी सेवा.

मी लिहिलं 'निवृत्त वैमानिकांचे स्वेच्छा-पुनरागमन'. संपादकबाईंनी त्यावर लाल रेघ मारली, म्हणाल्या पुनरागमन गणपतीचं असतं, वैमानिकाचं नाही. पुढे 'रिझर्व्ह' आलं तिथे मी 'राखीव' केलं होतं, ते त्यांनी 'आरक्षित' करून टाकलं. आरक्षित वैमानिक वाचलं की मला रेल्वेचा डबाच दिसतो, पण खरं सांगायचं तर राखीव वाचल्यावरही बेस्टच्या बसमधली 'स्त्रियांसाठी राखीव' पाटी दिसते. शुक्रवारी सकाळी मजकूर द्यायचाय, कुणीतरी सुचवा.

पार्लेकर
ताई, पुनरागमन अजिबात सोडू नका. उत्तरपूजेत 'पुनरागमनाय च' म्हणतो ते कशासाठी, तर निरोप देतानाच परत येण्याचं आमंत्रण असतं म्हणून. निवृत्त माणसाला इतक्या मानाने बोलावणारा दुसरा शब्द मराठीत दाखवा. 'स्वेच्छा-पुनःसेवा' असाही पर्याय देतो. लोक म्हणतील जड आहे. सावरकरांनी दिनांक, महापौर, हुतात्मा हे शब्द दिले तेव्हाही लोक असंच म्हणत होते आणि आज तेच लोक तारखेच्या रकान्यासमोर दिनांक लिहितात. शब्द वापरल्याशिवाय रुळत नाही, आणि वापरायच्या आधीच आपण तो जड आहे म्हणून टाकून देतो. 'ड्यूटी' तेवढी मराठी लेखात नको ही कळकळीची विनंती.

निरभ्र
पार्लेकर काका, आदर ठेवून सांगतो, हे शब्द त्या माणसांच्या तोंडी कधीच नसतात. माझा मामा हवाई दलात होता, नंतर एअरलाइनमध्ये गेला, आता विलेपार्ल्यातच असतो. त्याच्या तोंडून मी आयुष्यात 'वैमानिक' ऐकलं नाहीये. पायलट, फ्लाइंग, मेडिकल, पोस्टिंग, सगळं असंच. अजूनही जेवताना वरून विमान गेलं की त्याचा घास हातातच थांबतो, मान वर होत नाही, नुसतं ऐकतो, आणि मग 'उशिरा सोडलं चाक' असं काहीतरी पुटपुटून पुन्हा भात कालवायला लागतो. या माणसाला तुम्ही पुनःसेवा करा म्हणालात तर त्याला वाटेल देवळात बोलावताय.

ताई, एक मुद्दा शब्दापेक्षा महत्त्वाचा आहे, तो लेखात नीट आलाय का बघा. सुरुवातीला ज्या २५ जणांसाठी योजना आणली ती विमान उडवायला नव्हतीच मुळी. ऑफिसातल्या ज्या खुर्च्यांवर उडवण्याचा अनुभव असलेला माणूसच लागतो तिथे निवृत्तांना बसवायचं आणि तिथे अडकलेल्या तरुण पायलटांना परत विमानाकडे सोडायचं असा तो हिशेब होता. पुढे योजना वाढली तेव्हा शिकवायला वगैरे माणसं घेतली. म्हणून 'पुन्हा आकाशात झेप' असलं काही मथळ्यात आलं तर ते चुकेल. आणि पायलट कमी का पडले तर मुख्य ओढ एअरलाइनची. तिकडे ६५ ला सक्तीने थांबावं लागतं, त्यामुळे दरवर्षी अनुभवी माणसं बाहेर पडतात, आणि २०१३ पासून प्रवासी विमानात को-पायलट व्हायलाही साधारण १५०० तास लागतात. ज्याच्याकडे तास तयार आहेत तो हवाई दलातलाच, मग त्याला एअरलाइन का सोडेल.

अमृता, गिरगाव
पुनरागमन, पुनःसेवा सगळं बाजूला ठेवा, आपल्याकडे रोजचा शब्द आहे, रुजू. 'कामावर रुजू झाला.' आता हा अरबी 'रुजूअ' वरून आलाय आणि त्याचा मूळ अर्थच परत येणं, परत वळणं असा आहे. मराठीत येता येता त्याचा अर्थ हजर होणं असा झाला, म्हणून पहिल्या दिवशी नोकरीवर जाणारा पोरगाही आपल्याकडे रुजू होतो, म्हणजे जिथे कधी गेलाच नाही तिथे 'परततो'. पण हे निवृत्त पायलट खरोखरच परततायत. म्हणजे शब्दाला त्याचा जुना अर्थ पहिल्यांदा पुरेपूर मिळतोय!

आणि याहून गंमत निवृत्तची. नि + वृत्, संस्कृतात याचा अर्थही मागे वळणं, परतणं. आमच्या घरी जेवणाआधी पंधरावा अध्याय म्हणायची पद्धत, त्यात 'यद्गत्वा न निवर्तन्ते', जिथे गेल्यावर परत येत नाहीत. लहानपणापासून म्हणतेय आणि परवा वरणभात समोर असताना एकदम लक्षात आलं की अरे, हे निवर्तन्ते म्हणजे आपल्या सेवानिवृत्तमधलंच की. म्हणजे निवृत्त झाला तो घराकडे परतला आणि रुजू झाला तो कामाकडे परतला, दोन भाषा, दोन शब्द, आणि दोन्हींच्या पोटात एकच क्रिया. 'निवृत्त पुन्हा रुजू' एवढं लिहिलं तरी पुरे आहे, मला तर दुसरं काही नकोच वाटतं.

पार्लेकर
अमृताताई, निवर्तन्तेबद्दल मनापासून धन्यवाद, मीही रोज म्हणतो आणि कधी जोडून पाहिलं नाही. पण मग तुमच्याच न्यायाने 'पुन्हा रुजू' ही द्विरुक्ती झाली ना? रुजूतच परत आहे तर पुन्हा कशाला?

अमृता, गिरगाव
द्विरुक्ती अरबीत होईल. मराठी माणसाला रुजूमध्ये परत ऐकू येत नाही, त्यामुळे मराठीत होत नाही. शब्दाचा अर्थ बोलणाऱ्याच्या कानात असतो, कोशाच्या मुळाशी नसतो.

पार्लेकर
मग आत्ता एवढं मुळाशी गेलात ते कशासाठी? कानातलंच प्रमाण मानायचं तर संपादकबाईंच्या कानात पुनरागमन म्हणजे गणपती, त्यांचंही बरोबर धरावं लागेल. हे मला पटत नाही.

लालबाग
कबड्डीत बाद झालेला गडी परत आत येतो तेव्हा आम्ही 'गडी उठला' म्हणतो. लेखाला चालणार नाही, पण मनात पहिलं हेच आलं.

शब्दवेडी, दादर
लालबाग, छान आहे, पण त्यात गडी स्वतःच्या मर्जीने उठत नाही, समोरचा बाद झाला तरच उठतो. मला 'आपणहून' हवंय. आणि स्वेच्छाचीही पंचाईत आहे. माझे बाबा बँकेत होते, २०००-०१ मध्ये व्हीआरएस, म्हणजे स्वेच्छानिवृत्ती योजना आली तेव्हा आमच्या घरात 'स्वेच्छा' हा शब्द महिनाभर रोज ऐकला. तेव्हापासून मला स्वेच्छा म्हटलं की माणूस बाहेर पडतानाच दिसतो, टेबलाचा खण रिकामा करून कापडी पिशवी घेऊन संध्याकाळी लवकर घरी आलेला. आत येणाऱ्या माणसाला तो शब्द लावायला हात धजत नाही. शासकीय 'फेरनियुक्ती' पण बघितला, त्यात मर्जी नेमणाऱ्याची, येणाऱ्याची नाही.

मूळ सातारी
आमच्याकडं 'माघारी' म्हणतात. माघारी आला, माघारी बोलावला. सरळ परत या अर्थी, त्यात कमीपणा काही नाही. पण लेखात 'निवृत्त वैमानिक माघारी' लिहिलं तर मुंबईचा वाचक समजणार पळून आले, कारण पेपरात सैन्य माघारी म्हणजे हरलं. एकच शब्द, कऱ्हाडात घरी येतो आणि मुंबईत रण सोडतो.

आता रिझर्व्हबद्दल. ताई, तो शब्द बदलूच नका. आमच्या भागात घरटी एक तरी माणूस पलटणीत, अपशिंग्याला तर गावाच्या नावापुढंच मिलिटरी लागलंय. जुन्या लोकांची नोकरी दोन तुकड्यात असायची, काही वर्षं पलटणीत आणि मग काही वर्षं 'रिझर्व्हला'. रिझर्व्हला म्हणजे माणूस घरी, शेती करतोय, पण नाव पलटणीच्या कागदावर, बोलावलं की जायचं. माझे आजोबा मराठा लाइट इन्फंट्रीत होते, १९६५ ला ते रिझर्व्हला होते आणि परत बेळगावला हजर झाले. त्यांचे बूट आज्जीनं माळ्यावर शेंगाच्या पोत्यामागं ठेवलेले, दर दिवाळीला खाली काढून तेल लावायची. उंदरानं डाव्या बुटाची जीभ कुरतडली होती तर तिनं कातड्याचा तुकडा आणून स्वतः दाभणानं शिवला. ते बूट घालूनच ते गेले. तिला राखीव म्हटलं असतं तर कळलं नसतं, आरक्षित तर नाहीच. रिझर्व्ह कळायचं.

पार्लेकर
आजोबांना नमस्कार. तरीही विचारतो, गोरेगावला 'राज्य राखीव पोलीस दल' आहे, त्याला कुणी राज्य रिझर्व्ह म्हणत नाही. राखणे हे रक्ष् पासून आलेलं आपलं घरचं क्रियापद. शेत राखतो, मान राखतो, तसा माणूस राखून ठेवला. यात बसची पाटी कुठून आली?

निरभ्र
आणि फोर्टात भारतीय रिझर्व्ह बँक आहे, तिला कुणी राखीव बँक म्हणत नाही. दोन्ही चालतं काका, ज्याचं जे रुळलं ते. आपल्या हवाई दलाच्या रिझर्व्हचा कायदा १९५२ चा आहे, त्यात नियमित रिझर्व्ह वेगळं, एअर डिफेन्स रिझर्व्ह वेगळं आणि ऑक्झिलरी वेगळं, तिन्हींना 'राखीव' म्हटलं तर फरक कसा दाखवणार?

पार्लेकर
ऑक्झिलरीला साहाय्यक. फरक दाखवायची इच्छा असली की शब्द सापडतो. आणि पायलट हा शब्द तरी तुम्हाला इतका नेमका वाटतो का? वैमानिक म्हणजे विमानाशी जोडलेला, एका शब्दात सगळं आलं. पायलटमध्ये विमान कुठे आहे?

वरळी कोळीवाडा
पायलटमध्ये विमान नाहीच, पाणी आहे. मुळात तो ग्रीक वल्ह्यावरून इटालियनमधून आलेला शब्द, जहाजाचं सुकाणू धरणारा. मुंबई बंदरात मोठं जहाज आणायचं तर अजून पायलट चढतो, बाहेरच्या कप्तानाला इथलं पाणी माहीत नसतं. कुलाब्याला पायलट बंदर रोड आहे तो बघा. आमचे आजोबा तांडेल होते, त्यांना विमानाचा पायलट म्हणजे आमचाच शब्द चोरला असं वाटायचं. आणि पार्लेकर काका, सुकाणू पण अरबी, सुक्कान वरून. समुद्रावरचे किती शब्द काढून टाकणार, होडी रिकामी राहील.

निरभ्र
गोव्यात मोटरसायकलवरून सोडतो तो पण पायलट. आणि रेल्वेचा ड्रायव्हर आता लोको पायलट.

अमृता, गिरगाव
मग हवाई दलाचा पायलट असं दर वेळी लिहावं लागेल, नाहीतर वाचक म्हापशाच्या स्टँडवर जाईल. तिथे वैमानिक कामाचा आहे हे मान्य करते.

पार्लेकर
एवढं मान्य केलंत, आनंद झाला. आता विषय निघालाच आहे तर, मिग-२१ ला २०२५ च्या सप्टेंबरात चंदीगडला निरोप दिला तेव्हा सगळीकडे 'मिग निवृत्त' छापलं होतं. विमान निवृत्त होतं का? निवृत्त व्हायला आधी वृत्ती हवी.

वरळी कोळीवाडा
होडी म्हातारी होते आमच्याकडे. किनाऱ्यावर ओढून उलटी करून ठेवतात. मोडीत काढली हा शब्द आम्ही तिच्या देखत बोलत नाही.

निरभ्र
मामाला विचारलं आत्ता फोनवर, मिग निवृत्त झालं म्हणावं का. तो म्हणाला 'उतरलं म्हण'. मग बराच वेळ काही बोलला नाही.

अमृता, गिरगाव
छावणी शब्दाबद्दल कुणाला माहीत आहे का? छावणं म्हणजे शाकारणं, छप्पर घालणं. सभासद बखरीत आहे की पावसाळ्यात लष्कर छावणीला यायचं आणि दसऱ्याला पुन्हा बाहेर पडायचं. म्हणजे परत रुजू होणं दरवर्षीचंच होतं, त्यासाठी वेगळा शब्द लागतच नसेल, सीमोल्लंघन म्हटलं की झालं.

पार्लेकर
सीमोल्लंघन! हा शब्द या चर्चेत पहिल्यापासून हवा होता.

शब्दवेडी, दादर
मंडळी, गुरुवार रात्र झाली. 'निवृत्त वैमानिक स्वतःहून पुन्हा रुजू' असं मथळ्यात टाकते आणि आत रिझर्व्ह तसंच ठेवते, संपादकबाई काय करतील ते उद्या कळेल. छावणीचं वेगळं काढूया का? आणि सातारकर, एक विचारायचं राहिलं. आजोबांना रिझर्व्हमधून पत्र आलं तेव्हा आज्जी काय शब्द वापरायच्या? बोलावणं आलं, तार आली, काय?

मूळ सातारी
मला वाटायचं 'बोलावणं आलं'. तुम्ही विचारलं म्हणून आत्ता डोंबिवलीला आईला फोन लावला. ती म्हणाली बोलावणं त्या घरात कुणी म्हणत नव्हतं, बोलावणं म्हणजे वरचं. आणि पत्राचं मी चुकीचंच समजत होतो. त्यांनी चावडीवर रेडिओ ऐकला, घरी आले, बूट मागितले आणि दुसऱ्या दिवशी पहाटे निघाले. पत्र आलं चार दिवसांनी, आज्जीनं पोस्टमनच्या हातात तसंच परत दिलं. आई म्हणते आज्जी एवढंच सांगायची, 'पत्रं कुठलं, त्यांचं ते उठले आन् गेले.'