कन्सोलचं चित्र आणि आवाज: 'ऑटोमॅटिक'वर सोडायचं की हाताने लावायचं?

रंकाळाकाठ
नमस्कार मंडळी. महागाचा कन्सोल आणायचा, नवा ४के टीव्ही भिंतीवर चढवायचा, केबल खोचायची आणि सगळं 'ऑटोमॅटिक'वर सोडून गेम सुरू करायचा, हे कोल्हापुरात घरोघरी चाललंय. माझं मत ठाम आहे. मोजलेले पैसे वसूल करायचे असतील तर सेटिंग्ज हाताने लावायलाच हव्यात. आणि सुरुवात कन्सोलपासून करायची नाही, टीव्हीपासून करायची.

केबल जोडली की टीव्ही कन्सोलला कळवतो, मला एवढं एवढं झेपतं. कन्सोल त्याच्या पुढे जात नाही. पण बऱ्याच टीव्हींचा एचडीएमआय पोर्ट कारखान्यातून साध्या सिग्नलवर लावलेला येतो. सोनीवर 'एनहान्स्ड फॉरमॅट', सॅमसंगवर 'इनपुट सिग्नल प्लस', एलजीवर 'डीप कलर' अशा नावाखाली तो मोकळा करावा लागतो. हे केलं नसेल तर सोनीच्या पीएस५ कन्सोलच्या व्हिडिओ आउटपुटच्या पानावर एचडीआर (उजेड आणि अंधारातला जास्त फरक दाखवणारं चित्र) चालत नाही असं दिसतं, आणि लोक कन्सोल घेऊन दुकानात भांडायला जातात.

मग पिक्चर मोड. दुकानात टीव्ही 'व्हिव्हिड'वर असतो, कारण तिथल्या झगमगाटात तो शेजारच्या टीव्हीपेक्षा उठून दिसायला हवा असतो. घरी आल्यावर तो मोड कोणी बदलत नाही. परिणाम बघायचा असेल तर फुटबॉलचा गेम लावा आणि खेळाडूच्या दंडाची कड जवळून बघा. तिथे एक पांढरी रेघ दिसेल. ती गेममध्ये नाही, टीव्हीच्या शार्पनेसने काढलेली आहे. शार्पनेस अगदी खाली आणा, मोशन स्मूदिंग (हालचाल मुद्दाम गुळगुळीत करणं) बंद करा, कलर टेंपरेचर 'वॉर्म' ठेवा, गेम मोड (चित्र सजवण्यात वेळ न घालवणारा) लावा. सुरुवातीला चित्र पिवळट वाटेल, डोळा बसू द्या.

आणि ज्यावर वाद होईल ते शेवटी सांगतो. बजेटमधल्या ४के टीव्हीवर एचडीआर बंद ठेवा. खोक्यावर 'एचडीआर१०' छापलेलं असलं तरी असे बरेच पॅनेल २५०-३०० निट्सच्या (निट म्हणजे पडद्याच्या उजेडाचं माप) पुढे जात नाहीत. गेममधला सूर्य किंवा दिव्याची चमक १००० निट्स आणि त्याच्या वर जाते. टीव्हीला ती दाखवता येत नाही, म्हणून तो सगळं चित्र दाबतो आणि बाकीचं मळकट होतं. त्यापेक्षा साधं एसडीआर, म्हणजे एचडीआर नसलेलं चित्र, स्वच्छ दिसतं.

विरोध असेल तर जरूर करा, पण कारणासकट.

टाकाळा_टेक
विरोध आहे, आणि मुळापासून आहे. मी मित्रांचे, नातेवाइकांचे कन्सोल लावून देतो. बिघडलेलं चित्र बघायला मिळतं ते हात लावलेल्या घरांतच. 'ऑटोमॅटिक' ठेवलेल्या घरांत मला आजवर मोठी गडबड दिसलेली नाही.

आरजीबी रेंजचंच घ्या, म्हणजे काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत वापरायचे आकडे. व्हिडिओसाठी चालत आलेली पद्धत १६ ते २३५, म्हणजे 'लिमिटेड'. संगणकाची ० ते २५५, म्हणजे 'फुल'. कोणीतरी सांगतं 'फुल म्हणजे जास्त रंग', आणि पोरं कन्सोलवर 'फुल' करतात. टीव्ही मात्र 'लिमिटेड'वरच. मग १६ च्या खालचं सगळं एकाच काळ्यात जातं, अंधाऱ्या खोलीतला शत्रू दिसतच नाही, आणि गेम फार काळोखा आहे अशी तक्रार सुरू होते. उलट जुळणी झाली तर काळा रंग राखाडी होतो आणि चित्रावर धुकं पसरल्यासारखं दिसतं. 'ऑटोमॅटिक'वर दोघं आपसात ठरवतात, हा घोळच होत नाही.

गेम मोडचंही तसंच. आता बऱ्याच टीव्हींवर ऑटो लो लेटन्सी मोड असतो. कन्सोलवर गेम सुरू झाला की टीव्ही स्वतःच गेम मोडमध्ये जातो, सिनेमा लावला की परत येतो. म्हणून नवशिक्याला माझा सल्ला एकच, टीव्हीचा पोर्ट मोकळा कर आणि मेनूतून बाहेर ये.

पेठेतला_डावा_विंगर
रंगाचं तुमी बघून घ्या. माझा मुद्दा लॅगचा हाय.

आमी शाहू स्टेडियमवर पाटाकडील, दिलबहार, खंडोबाच्या फुटबॉल मॅच बघत वाढलेली पोरं. घरातबी फुटबॉलचा गेम ईए एफसीच चालतो. आमच्या घरचा टीव्ही जुना, त्यात ते ऑटो-बिटो काय न्हाई. बटण दाबलं की खेळाडू उशिरा लाथ मारायचा. ग्रीन टायमिंगनं, म्हंजे नेमक्या क्षणाला बटण दाबून, शॉट मारायचा म्हटलं तर जमायचंच न्हाई. सगळे म्हणायचे सर्व्हर खराब. पण घरात दोघं शेजारी बसून खेळालोय, तिथं सर्व्हर कुठनं आला?

हिशेब सोपा हाय. सेकंदाला ६० फ्रेमच्या गेममधी एक फ्रेम म्हणजे १६.७ मिलिसेकंद. टीव्ही चित्र सजवत बसला आन त्यात १०० मिलिसेकंद घालवली तर सहा फ्रेम गेल्या. तेवढ्यात डिफेंडर बॉल काढून घेतोय की. गेम मोड लावला आन फरक हाताला लागला, डोळ्याला न्हवं.

टाकाळा भावा, तुझं ऑटो नव्या टीव्हीवाल्यांसाठी बरं हाय. पेठेतल्या निम्म्या घरात जुने टीव्ही हायत. त्यांनी हातानं न्हाई लावायचं तर कुणी लावायचं?

आन रंकाळा दादा, तुमचं ते 'वॉर्म' आमच्यात चालत न्हाई. आमची बाहेरची खोली पश्चिमेला हाय, दुपारनंतर ऊन थेट पडद्यावर येतंय. तिथं ब्राइटनेस फुल आन रंग थंडच पायजे. न्हाईतर बॉलच दिसत न्हाई.

रंकाळाकाठ
विंगर, उन्हाचं मान्य. बॅकलाइट वाढवा, पूर्ण करा. पण बॅकलाइट वेगळा आणि 'ब्राइटनेस' वेगळा. पुष्कळ टीव्हींवर 'ब्राइटनेस' नावाचं जे असतं ते काळ्या रंगाची पातळी हलवतं. ते वाढवलं की उजेड वाढत नाही, काळं फिकं होतं. तुमच्या टीव्हीवर 'बॅकलाइट' असं वेगळं आहे का बघा, तेवढंच वर न्या. संध्याकाळी पडदा ओढल्यावर परत खाली.

नागाळा_पार्क
एचडीआर सरसकट बंद करा हा सल्ला मला अजिबात पटलेला नाही, आणि तो वाचून लोक खरंच बंद करतील म्हणून सविस्तर लिहिते.

मळकट चित्राचं कारण पुष्कळदा पॅनेल नसतं, न लावलेलं एचडीआर असतं. पीएस५ वर 'अ‍ॅडजस्ट एचडीआर' आहे. तीन पडदे येतात, प्रत्येकावर एक चिन्ह. ते जेमतेम दिसेल इथपर्यंत आणायचं. यातून कन्सोलला कळतं की हा टीव्ही कुठवर उजळतो आणि कुठवर काळा जातो. हे केलं नाही तर कन्सोल अंदाजाने पाठवतो, टीव्ही वरून स्वतःच्या अंदाजाने दाबतो. दोन वेळा दाबलेलं चित्र मळकट दिसणारच. टीव्हीवर 'एचजीआयजी' असा पर्याय असेल तर तो निवडायचा, म्हणजे टीव्ही लुडबुड थांबवतो आणि कन्सोलचंच गणित चालतं. मग गेमच्या आतलं एचडीआर सेटिंगही वेगळं असतं, तेही एकदा बघायचं. एवढं सगळं केल्यावरही वाईट दिसलं तर बंद करा, तक्रार नाही.

आणि कन्सोलवर एचडीआर 'ऑलवेज ऑन' कोणी ठेवलंय? त्यात एसडीआरमध्ये बनलेले जुने गेमसुद्धा ओढूनताणून एचडीआरमध्ये जातात. 'ऑन व्हेन सपोर्टेड' ठेवा. निम्म्या तक्रारी त्या एका ओळीने मिटतात.

रंकाळाकाठ
ताई, 'ऑन व्हेन सपोर्टेड'बद्दल शंभर टक्के सहमत, ते मी मूळ लेखनात घालायला हवं होतं इतकं महत्त्वाचं आहे. पण पॅनेलचा मुद्दा तुम्ही बाजूला टाकलात. ज्या टीव्हीला लोकल डिमिंग नाही, त्याचा मागचा दिवा सगळ्या पडद्याला एकच. रात्रीच्या रस्त्यावर एक दिवा चमकवायचा तर सगळा रस्ता उजळतो. तीन पडदे कितीही नीट लावा, पॅनेलला नसलेली ताकद कुठून येणार? तुमचा टीव्ही कोणता?

नागाळा_पार्क
माझा ओएलईडी आहे, त्यात प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो, मान्य. पण धाकट्या भावाचा साधा एलईडी आहे आणि त्याच्याकडे एकच गेम, एकच जागा, आधी एचडीआर बंद ठेवून आणि मग नीट लावून आम्ही बघितलं. ढगांतली छटा एसडीआरमध्ये सपाट पांढरी होती, एचडीआरमध्ये दिसत होती. चमक नसेल येत, पण तपशील येतो. तो का सोडायचा?

शाहूपुरी_साऊंड
सगळे चित्रावरच. आवाजाचं कोणी बोलतच नाही, आणि माझ्या धंद्यामुळे मला तेच आधी ऐकू येतं.

लोक साऊंडबार आणतात, टीव्हीच्या एआरसी पोर्टला (टीव्हीचा आवाज बाहेर देणारा एचडीएमआय) जोडतात आणि कन्सोलवर 'डॉल्बी' हा आवाज दाबून पाठवायचा फॉरमॅट निवडतात, कारण नाव मोठं. समजा साऊंडबार दोनच चॅनेलचा आहे. गेम चालू असताना कन्सोल आवाज डॉल्बीत बांधतो, बारने तो सोडवायचा. या बांधण्या-सोडवण्यात वेळ जातो. विंगरने गेम मोडने वाचवलेला वेळ चित्राला मिळाला, आवाज मात्र मागे राहिला. गोळी दिसते आधी, ऐकू येते नंतर. दोन चॅनेल असतील तर सरळ 'लिनिअर पीसीएम', म्हणजे न दाबलेला आवाज, ठेवा. सगळ्यात कमी उशीर त्यात.

५.१, म्हणजे मागच्या स्पीकरसकट सहा चॅनेल, असेल तर खेळ बदलतो. साध्या एआरसीतून न दाबलेला ५.१ जात नाही, पीसीएम ठेवलं तर दोनच चॅनेल येतात आणि मागचे स्पीकर मुके राहतात. तिथे डॉल्बीच हवं. ई-एआरसी, म्हणजे एआरसीची नवी आवृत्ती, असेल तर सेकंदाला ३७ मेगाबिटपर्यंत जागा असते, मग पीसीएममध्येच सहाही चॅनेल आरामात जातात. साध्या एआरसीवर निन्टेंडो स्विचवाल्यांची अडचण मोठी, कारण तो ५.१ सुद्धा पीसीएममध्येच पाठवतो.

आणि हे लक्षात ठेवा. 'एव्ही सिंक' नावाचं सेटिंग बहुतेक ठिकाणी आवाजाला मागेच ढकलतं. आवाज आधी येत असेल तर ते कामाचं. आवाज उशिरा येत असेल तर त्यातला आकडा वाढवून उशीर वाढतोच. तो कमी करायचा तर शून्यावर आणा आणि फॉरमॅट बदला.

टाकाळा साहेब, यातलं काय तुमचं 'ऑटोमॅटिक' ओळखणार? पीएस५ वर जोडलेलं उपकरण टीव्ही आहे, साऊंडबार आहे की अ‍ॅम्प्लिफायर, ते माणसालाच निवडावं लागतं.

बावड्याची_आई
साऊंडवाले दादा, तुम्ही सगळे मोठ्या आवाजाचं सांगताय. आमच्या घरी अडचण उलटी आहे. मुलगा रात्री अभ्यास झाला की खेळतो, शेजारच्या खोलीत सासरे झोपलेले. गेममधली माणसं बोलतात ते ऐकू येत नाही म्हणून तो आवाज वाढवतो, आणि पुढच्या क्षणी स्फोट होतो. सासरे दचकून उठतात. मग आवाज कमी, की परत बोलणं गायब. हे रोजचं आहे. ब्लूटूथ हेडफोन घेऊन दिला तर तो कन्सोलला जोडलाच जात नाही. यावर उपाय सांगा, ५.१ वर नको.

शाहूपुरी_साऊंड
ताई, उपाय दोन आहेत, दोन्ही फुकटातले. गेमच्या ऑडिओ मेनूत बहुधा 'डायनॅमिक रेंज' किंवा 'नाइट मोड' असतं. ते लावलं की मोठा आवाज खाली येतो आणि बारीक आवाज वर येतो. साऊंडबार असेल तर त्याच्यावरही असंच बटण शोधा. गेमच्या त्याच मेनूत संवाद, संगीत आणि इफेक्ट्सचे वेगवेगळे आकडे असतात. संगीत आणि इफेक्ट्स उतरवा, संवाद तसाच राहू द्या.

पीएस५ ब्लूटूथ हेडफोन थेट घेत नाही, खराबी नाही ती. मोबाईलचा जुना वायरवाला इयरफोन असेल तर कंट्रोलरच्या खालच्या भोकात खोचा आणि 'थ्रीडी ऑडिओ' चालू करा. आजूबाजूचे आवाज दिशेसकट येतात, घर शांत. त्यात पाच प्रोफाइल आहेत, मुलाला एकेक ऐकून बघू दे, प्रत्येकाच्या कानाचा आकार वेगळा असल्यामुळे वेगळं जुळतं.

टाकाळा_टेक
आवाजाच्या बाबतीत मान्य करतो, तिथे 'ऑटोमॅटिक' अपुरं पडतं. जोडलेलं उपकरण काय आहे हे माणसालाच ठाऊक असतं, सासरे झोपलेत हेही. चित्राच्या बाबतीत मात्र मी जिथे होतो तिथेच आहे. वर सांगितलेल्या गोष्टी इथे वाचणाऱ्यांना जमतील. टीव्हीचा पोर्ट एकदा मोकळा केला की आरजीबीला तरी इतरांनी हात लावू नये. आणि १२० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला १२० चित्रं, टीव्हीला झेपत नसेल तर तो पर्याय शोधत बसण्यात अर्थ नाही. व्हीआरआरलाही (टीव्हीने आपला वेग गेमच्या फ्रेमशी जुळवून घेणं) पीएस५ वर एचडीएमआय २.१ चा टीव्ही लागतो, ४८ ते १२० हर्ट्झच्या पट्ट्यात. ज्याच्याकडे तो नाही त्याने त्यावरचे व्हिडिओ बघून काय करायचं?

पेठेतला_डावा_विंगर
दादा, 'बॅकलाइट' घावलं. पार खालच्या मेनूत होतं. वर नेलं, 'ब्राइटनेस' पहिल्यागत केलं. उन्हात बॉल दिसालाय. पण रंग थंडच ठेवलाय, सांगून ठेवतो.

बावड्याची_आई
इयरफोन खोचला. काल रात्री सासरे उठले नाहीत. 'थ्रीडी ऑडिओ'त तिसरं प्रोफाइल त्याला बरं वाटलं.

नागाळा_पार्क
रंकाळा, तुम्ही भावाच्या टीव्हीवरच्या ढगांचं उत्तर दिलेलं नाही.

रंकाळाकाठ
देतो. एसडीआरमध्ये ढग सपाट पांढरे झाले याचा अर्थ मला असा दिसतो की त्या टीव्हीवर 'कॉन्ट्रास्ट' वर चढवलेला आहे. तो इतका उतरवा की ढगांच्या कडा परत दिसतील, आणि मग दोन्ही शेजारी ठेवून बघा. तरीही एचडीआर सरस ठरलं तर त्या टीव्हीचं मॉडेल इथे लिहा, मी माझ्या मताला तेवढा अपवाद जोडेन. तोवर बजेट पॅनेलवर बंदच.