नवीन ५.१ बसवलं, पण संवाद ऐकू येईनात आणि खालचे काका वर आले. सल्ला हवा

नवश्रोता

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होतो, आज गरजेपोटी पहिलाच धागा काढतोय.

दिवाळीत एवीआर (सगळ्या स्पीकरना आवाज वाटून देणारा अॅम्प्लिफायर) आणि ५.१ स्पीकरचा सेट (पाच स्पीकर आणि बाससाठी एक सबवूफर) घेतला. दुकानाचा माणूस येऊन दोन तासांत बसवून गेला. त्याने हेलिकॉप्टरचा डेमो लावला तेव्हा सगळं घर खूश. दुसऱ्या दिवसापासून रडगाणं सुरू.

सिनेमा लावला की माणसं पुटपुटतात. म्हणून आवाज वाढवायचा, वाढवला की लगेच मारामारी सुरू होते आणि भिंती हलतात. आता मी रिमोट हातात धरूनच बसतो. आई म्हणते, "टीव्हीचाच आवाज बरा होता, निदान काय बोलतायत ते कळायचं." आणि परवा रात्री साडेदहाला खालच्या मजल्यावरचे काका वर आले. भांडले नाहीत. "आमच्या पलंगाला धडधड जाणवते हो," एवढंच म्हणाले. त्यापेक्षा भांडले असते तर बरं झालं असतं.

डोंबिवलीत तिसऱ्या मजल्यावर राहतो. हॉल ११ बाय १५. ५५ इंची टीव्ही ११ फुटी भिंतीवर, समोरच्या भिंतीला टेकून सोफा. डावीकडे बाल्कनीचं सरकतं दार, उजवीकडे स्वयंपाकघराकडे जायची मोकळी वाट. खाली टाइल्स. फ्रंटचे दोन्ही स्पीकर टीव्हीला चिकटून, सेंटर टीव्ही युनिटच्या खालच्या खणात, मागचे दोन, म्हणजे सराउंड, मागच्या भिंतीवर छताजवळ, सबवूफर (सब) बाल्कनीच्या कोपऱ्यात.

बजेट संपलंय, तेव्हा "हे विकून ते घ्या" कृपया सांगू नका. नुसत्या सेटिंगने काही होईल का?

गच्चीवरचा

फोटो टाका. वाचनखूण साठवली आहे, मीही घ्यायच्या विचारात आहे.

तांब्याची तार

काही विकू नका. तुमच्या वर्णनात स्पीकरचा दोष मला कुठेच दिसत नाही, सहाच्या सहा डबे चुकीच्या जागी बसलेत एवढंच.

आधी संवाद. सिनेमातलं बोलणं जवळजवळ सगळं सेंटरमधून येतं. तुमचा सेंटर खालच्या खणात, म्हणजे तो तुमच्या गुडघ्यांशी गप्पा मारतोय, आणि वर खणाच्या लाकडात घुमतोय तो वेगळाच. त्याला खणाच्या कडेपर्यंत पुढे ओढा, बोटभर बाहेर आला तरी चालेल. मग पुढच्या बाजूने खाली पाचर घाला आणि तोंड वर करा, सोफ्यावर बसलेल्याच्या कानाकडे. दाराला लावतात ते रबरी स्टॉपर यासाठी झकास, वीस-तीस रुपयांचं काम.

दुसरं, सिनेमा चालू असताना एवीआरच्या पट्टीवर काय अक्षरं येतात ते बघून सांगा. आणि टीव्हीतून एवीआरला वायर कुठली आहे?

नवश्रोता

@तांब्याची तार, पट्टीवर 'पीसीएम' येतं. वायर ऑप्टिकल आहे, टोकाला लाल दिवा लागतो ती.

आणि सेंटरबद्दल एक कबुली द्यायची राहिली. आईने त्यावर क्रोशाचा रुमाल घातलाय. "धूळ बसते," म्हणून. पुढून अर्धा झाकलेला आहे. मी इतके दिवस बघत होतो, पण डोक्यातच आलं नाही.

तांब्याची तार

रुमाल वाचून चहा नाकात गेला.

'पीसीएम' म्हणजे टीव्ही ५.१ चं दोन चॅनेल करून पाठवतोय आणि एवीआर त्याचे अंदाजपंचे पाच करतोय. टीव्हीच्या साउंड आउटपुटमध्ये जाऊन 'पासथ्रू' (आवाज आहे तसा पुढे पाठवणं) किंवा 'ऑटो' करा. शिवाय ऑप्टिकल काढा. त्यातून साधं डॉल्बी डिजिटल जातं, पण ओटीटीवाले हल्ली डॉल्बी डिजिटल प्लस पाठवतात, ते ऑप्टिकलमधून जात नाही. टीव्हीच्या ज्या एचडीएमआय भोकावर 'एआरसी' लिहिलंय तिथून एवीआरच्या तशाच भोकात वायर टाका, आणि दोन्हीकडे सीईसी (वायरवरून उपकरणं एकमेकांशी बोलतात ती सोय) चालू करा. ईएआरसी, म्हणजे एआरसीची पुढची आवृत्ती, नसलं तरी अडत नाही, ते ब्लू-रेच्या लॉसलेस (काहीही न गाळलेल्या) आवाजासाठी लागतं.

बाकीचं सविस्तर रात्री लिहितो.

साखरभात

आमच्याकडे दोन वर्षांपूर्वी हेच रामायण झालंय, म्हणून माझे दोन पैसे.

हॉलच्या मध्ये उभं राहून एकदा जोरात टाळी वाजवा. मागून 'ट्रिंग' असा धातूसारखा आवाज आला तर तुमच्या उघड्या टाइल्स आणि भिंती बोलतायत. पुटपुटण्यात त्यांचाही वाटा असतो, शब्दावर त्याचाच पडसाद चढतो. सोफा आणि टीव्ही यांच्या मध्ये जाड सतरंजी टाका. बाल्कनीच्या काचेवर जाड पडदा, तोही चुणीचुणीचा, सपाट ताणलेला नको. मी पहिले चार दिवस चक्क दोन गोधड्या दोरीवर टाकून बघितल्या होत्या. फरक कळल्यावरच पडद्यांचे पैसे काढले.

आणि आईंना रुमालासाठी दुसरी जागा द्या हो. नुसता काढून ठेवलात तर दोन दिवसांत परत येईल. अनुभव आहे.

एडिसनकर

दुसरा सबवूफर घ्या. एकाने खोलीत काही ठिकाणी बास फुगतो, काही ठिकाणी गायब होतो. दोन असले की सगळ्या बैठकींवर सारखा पसरतो. आमच्या बेसमेंटमध्ये दोन आहेत.

गच्चीवरचा

@एडिसनकर, तुमचं म्हणणं शास्त्रशुद्ध आहे, पण इथे खालचे काका एका सबला वर आले. दोन घेतले तर अख्खी सोसायटी येईल. हलके घ्या.

तांब्याची तार

वचन दिल्याप्रमाणे. लांबलंय, आधीच सांगतो.

सोफा भिंतीपासून निदान दीड फूट पुढे घ्या. तुमच्या १५ फुटी लांबीत साधारण ३८ हर्ट्झला आणि ११ फुटी रुंदीत ५१ हर्ट्झला हवा घुमते, हे त्या खोलीचे स्वतःचे सूर. मागच्या भिंतीला टेकून बसलात की लांबीचा घुमार सगळ्यात जास्त कानात भरतो. पण सोफा हॉलच्या बरोबर मध्यावर आणलात तर ३८ चा सूर जवळपास नाहीसाच होतो, तेही नको.

फ्रंटचे स्पीकर टीव्हीला चिकटून आहेत ते लांब सारा. तुमच्या भिंतीत दोघांमध्ये साडेआठ फूट सहज बसतील. सोफा पुढे आला की कान साडेदहा फुटांवर येतील आणि दोन स्पीकरांमधला कोन ४४ अंशांच्या आसपास होईल. ४५ ते ६० ही डॉल्बीची शिफारस, तुम्ही उंबरठ्यावर आहात, चालेल. तोंडं किंचित आत वळवा.

सराउंड मागच्या भिंतीवर छताला लावायची फॅशन कुणी काढली कोण जाणे. ५.१ मध्ये त्यांची जागा बाजूला आणि कानाच्या जरासं मागे, ११० ते १२० अंशांवर, बसलेल्याच्या कानापेक्षा दोनेक फूट उंच.

आता सब. वायर काढून तो उचला आणि सोफ्यावर, तुम्ही बसता तिथे ठेवून वायर परत जोडा. डग्गा ठसठशीत असलेलं एखादं गाणं लावा आणि हॉलभर गुडघ्यांवर रांगत फिरा, कान जमिनीजवळ. काही ठिकाणी डग्गा नुसता 'घूंऽऽ' करेल, काही ठिकाणी पोकळ वाटेल. जिथे प्रत्येक घिस्सा सुटा ऐकू येतो तिथे सब ठेवायचा. घरचे हसतील, हसू द्या. दोन भिंतींच्या कोपऱ्यात आवाज सगळ्यात मोठा येतो, म्हणून दुकानवाले तिथेच ठेवतात, डेमोला बरं पडतं.

मग एवीआरमध्ये सगळे स्पीकर 'स्मॉल' करा, मोठे असले तरी, म्हणजे त्यांचा खालचा बास सबकडे जाईल, आणि क्रॉसओव्हर, म्हणजे ती वाटणी जिथे होते तो सूर, ८० हर्ट्झ. हा आकडा टीएचएक्स या सिनेमाच्या आवाजाची मानकं ठरवणाऱ्या कंपनीने रूढ केला. ८० हर्ट्झची लाट सव्वाचार मीटर लांब असते, त्याखालचा आवाज कुठून आला ते कानाला नीटसं कळत नाही, म्हणून सब बाजूला असला तरी खटकत नाही. सबच्या मागे क्रॉसओव्हरची जी खुंटी आहे ती पूर्ण उजवीकडे फिरवा. गाळायचं काम एवीआर करतोय. दोघांनी गाळलं की मधलेच सूर गळून जातात.

हे सगळं झाल्यावरच एवीआरच्या माइकने आवाजाची मोजणी. माइक उशीवर किंवा सोफ्याच्या पाठीवर ठेवू नका. कॅमेऱ्याचा ट्रायपॉड घ्या, बसल्यावर कान येतो त्या उंचीवर लावा. पंखा बंद, एसी बंद, फ्रिजही तेवढा वेळ बंद. मोजून झालं की सबचं अंतर खऱ्यापेक्षा काही फूट जास्त दिसेल. 'चुकलं' म्हणून दुरुस्त करायला जाऊ नका. सबच्या सर्किटमध्ये आवाजाला थोडा उशीर होतो आणि एवीआर तो उशीर फुटांत मोजतो.

सुपारी

एवढा खटाटोप कशाला? नवे स्पीकर आहेत, २०० तास वाजू द्या, आपोआप मोकळे होतात. आणि जाड ऑक्सिजन-फ्री तारा टाका.

तांब्याची तार

@सुपारी, रबर आणि कापड सुरुवातीच्या काही तासांत थोडं सैल पडतं हे मान्य. त्यानंतर बदलतो तो आपला कान. आणि वीस-पंचवीस फुटांना साधी १६ गेजची तांब्याची तार पुरते. माझ्या टोपणनावाची शपथ.

मुक्काम पोस्ट दुसरा मजला

सगळे वरून बोलतायत, मी खालून बोलतो. आमच्या वर होम थिएटर आहे.

खाली शब्द येत नाहीत, गाणं येत नाही, फक्त धक्का येतो. तो छातीत लागतो आणि पुढचा कधी येईल याची वाट बघत माणूस जागा राहतो. मोबाइलवर आवाज मोजून काही सिद्ध होत नाही. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत रहिवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे, रात्र म्हणजे १० ते ६. पण ते मोजमाप कानाच्या संवेदनेप्रमाणे वजन दिलेलं असतं, त्यात खालचे सूर फार हलके धरले जातात. आकडा नियमात बसतो आणि पलंग हलतोच.

सबखाली जाड रबर किंवा फोमचा पॅड टाका, त्याने लादीत जाणारी थरथर कमी होते. हवेतून स्लॅब हलवणारा आवाज पॅडने थांबत नाही, हेही लक्षात घ्या. त्याला रात्री सबची पातळी उतरवणं हाच इलाज. एवीआरमध्ये नाइट मोड किंवा डायनॅमिक रेंज नावाचं काहीतरी असेल, ते चालू केलं की मोठे आवाज दाबले जातात आणि बारीक वर येतात. थिएटरच्या मिक्सिंगमध्ये मुख्य चॅनेलना १०५ आणि सबच्या चॅनेलला ११५ डेसिबलपर्यंत उसळी मारायची मुभा असते. चाळीच्या भिंतींचा विचार करून कुणी सिनेमा मिक्स करत नाही.

आणि एकदा खाली जा. घरच्यांना वर सिनेमा लावायला सांगा आणि काकांच्या खोलीत बसून ऐका.

नवश्रोता

उशिरा येतोय, पण दोन रविवार यातच गेले.

पहिल्या झटक्यात सगळ्यात मोठा फरक वायर बदलून आणि रुमाल काढून पडला. पट्टीवर 'डॉल्बी डिजिटल प्लस' उमटलं तेव्हा मी एकटाच ओरडलो. सेंटरखाली दोन स्टॉपर घातले, पातळी दीड डेसिबलने वाढवली. आई आता संवादांवर टीका करते, म्हणजे ऐकू येतात.

सब घेऊन रांगलो. मुलीने व्हिडिओ काढून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला, त्याबद्दल तांब्याची तार यांचे वेगळे आभार. जागा निघाली ती टीव्ही युनिट आणि उजव्या फ्रंटच्या मधली. डावा सराउंड बाजूच्या भिंतीवर गेला. उजवीकडे भिंतच नाही, म्हणून कुंडीची जुनी उंच तिवई रिकामी करून तिच्यावर बसवलाय. काढताना कळलं की डाव्याची लाल-काळी तार उलटी जोडली होती. एवीआरपासून तार सोडवून साधा पेन्सिल सेल क्षणभर टेकवला, उजव्या स्पीकरचा पडदा बाहेर आला आणि याचा आत गेला. दोन तासांत बसवून जाणाऱ्याला काय बोलणार.

सोफा फक्त एक फूट पुढे आला, त्यापुढे जायची वाट अडते. सतरंजी टाकली. तरी एका ठरावीक बासला कुठेतरी 'झर्रर्र' व्हायचं, मला वाटलं सब गेला. मोबाइलवरून २० ते १०० हर्ट्झ हळूहळू सरकवत नेलं आणि बायको एकेका वस्तूवर हात ठेवत गेली. ४६ ला शोकेसची काच सापडली. खाचेत घडी केलेलं वर्तमानपत्र कोंबलं, थांबलं.

आणि खाली जाऊन आलो. काकांच्या पलंगावर बसलो, मुलीने वर मारामारीचा सीन लावला. सब नव्या जागी, खाली जिमच्या चटईचे दोन थर, पातळी नेहमीची. आवाज असा काही नव्हताच, पण टेबलावर पाण्याच्या तांब्यावर पालथा घातलेला पेला होता, तो बारीक किणकिणत होता. काका म्हणाले, "आधी हा सरकत कडेला यायचा." तिथूनच फोन करून सबची पातळी अर्धा-अर्धा डेसिबल उतरवत गेलो. साडेचार डेसिबल उतरल्यावर पेला गप्प झाला. आता रात्री दहानंतर तेवढं उतरवून नाइट मोड लावतो, तशी वेगळी सेटिंगच जतन करून ठेवलीय.

एक शेवटचा प्रश्न. तो रुमाल आता सबवर गेलाय आणि त्यावर मनीप्लांटची बाटली आलीय. चालेल का?

साखरभात

रुमाल चालेल. बाटली आजच उचला.